खिडकी आपोआप का मिटायची? सिगविन, एक्स आणि आपल्या लाइनवरची पोरं

(भागाचा लिखित मजकूर. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जरा कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.)



आजचा विषय ऐकायला एकदम टेक्निकल वाटेल, पण आहे तो इतिहासाचाच. फक्त राजे-महाराजांचा नाही. एका काँप्युटरच्या खिडकीचा. ती खिडकी उघडायची, दोन-चार सेकंद हलायची, मग पांढरी पडायची किंवा सरळ गायब व्हायची. आणि तिच्यापुढे बसलेल्या मुलामुलींना वाटायचं, आपल्यालाच काही येत नाही.

साधारण २००५ ते २०१२ च्या काळात बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरहून काँप्युटर किंवा आयटी इंजिनिअरिंगला जाणाऱ्या एखाद्या ताई-दादाला गाठा आणि विचारा, “एनएस-टू आठवतं का?” एक तर ते हसतील, नाहीतर कपाळाला हात लावतील. मी त्याच पिढीतला, बदलापूरचा. मी पण कपाळालाच हात लावतो.

एनएस-टू म्हणजे नेटवर्क सिम्युलेटर. खरं नेटवर्क न बांधता काँप्युटरमध्येच खोटं नेटवर्क उभं करायचं, त्यातून पॅकेट पाठवायची आणि कुठे काय अडतं ते बघायचं. याचं मूळ श्रीनिवासन केशव यांच्या ‘रिअल’ नावाच्या सिम्युलेटरमध्ये आहे. त्याच्यावरून १९८९ मध्ये ‘एनएस’ सुरू झालं, मग अमेरिकेतल्या विद्यापीठांनी आणि लॅबनी ते वाढवलं. मुंबई विद्यापीठाच्या नेटवर्किंगच्या प्रॅक्टिकलमध्ये ते आपल्यापर्यंत पोचलं. त्याच्यासोबत यायचा ‘नॅम’, नेटवर्क ॲनिमेटर. गोल गोल नोड, त्यांच्यामध्ये रेषा, रेषांवरून सरकणारी रंगीत पॅकेटं, आणि रांग भरली की खाली टपकणारी पॅकेटं. बघायला मजा यायची. दिसलं तर!

गोची अशी, की हे सगळं युनिक्ससाठी लिहिलेलं. आणि आपल्या घरी, सायबर कॅफेत, लॅबमध्ये, सगळीकडे विंडोज एक्सपी. मग दोघांच्या मध्ये एक दुभाषी बसवायचा. त्या दुभाष्याचं नाव सिगविन.

दुभाषी कुठून आला?

१९८९ मध्ये अमेरिकेत सिग्नस नावाची कंपनी सुरू झाली. फुकट मिळणाऱ्या, खुल्या सॉफ्टवेअरला पैसे घेऊन सपोर्ट द्यायचा, हा तिचा धंदा. १९९५ मध्ये तिथल्या स्टीव्ह चेंबरलेन या इंजिनिअरच्या लक्षात आलं, की विंडोज एनटी आणि विंडोज ९५ ज्या प्रकारच्या ऑब्जेक्ट फाइल वापरतात, तो प्रकार ग्नूच्या कंपायलरला आधीच येतो. म्हणजे जीसीसी विंडोजवर आणणं फार जड जाऊ नये. पण जीसीसी बांधायचं तर आधी एक कॉन्फिगर स्क्रिप्ट चालवावी लागते. ती चालवायला बॅश शेल लागतो. आणि बॅशला लागतो युनिक्सचा स्वभाव. विंडोजकडे तो स्वभावच नाही.

म्हणून त्यांनी एक डीएलएल फाइल बनवली. युनिक्सचा प्रोग्राम जे मागेल, ते विंडोजच्या भाषेत करून देणारी. तीच सिगविनची जान. पुढे रेड हॅटने सिग्नस विकत घेतली, आणि कोरिना विन्शेन यांच्यासारख्या माणसांनी हा प्रकल्प वर्षानुवर्षं सांभाळला.

आता या दुभाष्याची सगळ्यात मोठी डोकेदुखी समजून घ्या, कारण आपली खिडकी मिटण्यामागे तिचाही हात आहे. युनिक्समध्ये ‘फोर्क’ नावाची गोष्ट असते. चालू प्रोग्राम स्वतःची हुबेहूब जोडी तयार करतो. दोन भाऊ वेगळे होतात तसं समजा. फक्त इथे धाकट्याला नवं घर मिळतं ते थोरल्याच्या घराची अख्खी नक्कल असते. तीच भांडी, त्याच फळीवर, त्याच क्रमाने.

विंडोजच्या नेहमीच्या प्रोग्रामसाठी असं वेगळं होणंच नाही. तिथे नवीन प्रोसेस म्हणजे रिकामं घर. मग सिगविन काय करायचा? आधी रिकामं घर बांधायचा, धाकट्याला दारातच थांबवायचा, आणि मग थोरल्याच्या घरातलं एकेक भांडं उचलून त्याच्याकडे अगदी त्याच फळीवर मांडायचा. वेळ तर लागायचाच. पण खरी भानगड वेगळी. एखादी फळी आधीच भरलेली असली तर? अँटिव्हायरस किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरने स्वतःची डीएलएल तिथे आणून ठेवली असली तर? मग भांडं त्याच जागी बसत नाही आणि फोर्क पडतो. स्क्रीनवर मेसेज यायचा, फोर्क जमलं नाही, साधनं तात्पुरती उपलब्ध नाहीत, अशा अर्थाचा. पुन्हा चालवा, कधी चालायचं, कधी नाही. विंडोज व्हिस्टापासून सुरक्षेसाठी डीएलएलच्या जागा मुद्दाम इकडच्या तिकडे करायची पद्धत आली, तेव्हा ही कटकट आणखी वाढली. त्यावर ‘रीबेस-ऑल’ नावाचा उपाय होता. सगळ्या डीएलएलना आधीच आपापल्या पक्क्या जागा नेमून द्यायच्या. तो उपाय माहीत असलेला मुलगा आमच्या बॅचमध्ये डॉक्टरसारखा वागायचा. शेवटी २०१३ मध्ये ६४-बिट सिगविन आलं. मेमरीचं अंगण एवढं मोठं झालं, की फळ्यांची भांडणं बरीच कमी झाली.

आणि आता खिडकी

फोर्क ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी चित्राची.

युनिक्सवर खिडक्या दाखवायचं काम ‘एक्स’ करतो. १९८४ मध्ये एमआयटीत ‘अथेना’ प्रकल्पाच्या काळात बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी त्याला आकार दिला. स्टॅनफर्डमध्ये आधी ‘डब्ल्यू’ नावाची विंडो सिस्टिम होती. तिच्यापुढचं अक्षर एक्स, म्हणून नाव एक्स. १९८७ मध्ये अकरावी आवृत्ती आली, आणि तो अकरा आकडा आजही चालू आहे.

एक्सची रचना जरा उलटी वाटते. आपल्याला सवय अशी, की सर्व्हर म्हणजे लांब कुठेतरी. एक्समध्ये सर्व्हर आपल्या टेबलावरच असतो. तो स्क्रीन, माऊस आणि कीबोर्ड सांभाळतो. प्रोग्राम हा त्याचा गिऱ्हाईक. तो फक्त निरोप पाठवतो: इथून तिथे रेघ मार, हा गोल लाल कर. आपल्या स्टेशनवरच्या इंडिकेटरचं उदाहरण घ्या. गाडी कुठे आहे हे इंडिकेटर ठरवत नाही. कुणीतरी कळवतं, तो फक्त अक्षरं उजळवतो. इंडिकेटर बंद पडला म्हणून गाडी थांबत नाही.

एक्समध्ये मात्र इथे फरक पडतो. इंडिकेटर बंद पडला, की त्याला निरोप पाठवणारे प्रोग्रामही सहसा हातपाय गाळतात. एक्सशी जोडणी तुटली, असा मेसेज देतात आणि बंद होतात. म्हणून एक्स सर्व्हर कोसळला की एक खिडकी नाही, त्याच्यावरच्या सगळ्या खिडक्या एकदम जायच्या.

विंडोजवर हा एक्स सर्व्हर चालवायचा तर अजून एक दुभाषी. सिगविनसाठी ‘एक्सविन’ होता. सुरुवातीच्या वर्षांत हॅरल्ड हंट यांनी त्याच्यावर फार काम केलं. २००४ मध्ये मूळ एक्सएफ्री८६ प्रकल्पात लायसन्सवरून फाटाफूट झाली आणि जग एक्स डॉट ऑर्गकडे वळलं. सिगविनवालेही त्याच वर्षी तिकडे गेले. मधली काही वर्षं हाताशी माणसं कमी होती, मग जॉन टर्नी यांनी भार उचलला. म्हणजे आपण ज्या काळात प्रॅक्टिकल देत होतो, तेव्हा जगभरात हे काम मोजकेच लोक करत होते. त्यांच्यातल्या कुणालाही अंबरनाथच्या एखाद्या पोराची सबमिशनची तारीख माहीत असायचं कारण नव्हतं.

एक्सविन चित्र थेट स्क्रीनवर काढत नसे. आधी मेमरीत एक सावली-प्रत काढायची, आणि मग ती विंडोजला द्यायची. द्यायचे रस्ते दोन. एक जीडीआय, जुना, हळू, पण खात्रीचा. दुसरा डायरेक्टड्रॉ, वेगवान, पण ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरच्या मर्जीवर. डायरेक्टड्रॉमध्ये चित्राची जागाच ‘हरवू’ शकते. दुसऱ्या कुणी पूर्ण स्क्रीन ताब्यात घेतली किंवा रिझोल्यूशन बदललं, की ग्राफिक्स मेमरीतली तुमची जागा गेली, पुन्हा मागून घ्या. त्यातून रंगांची खोली, म्हणजे कलर डेप्थ मध्येच बदलली तर एक्सविन स्पष्ट सांगायचा, की हे मला झेपत नाही, आधीची सेटिंग परत करा.

आता कॉलेजची लॅब डोळ्यांपुढे आणा. बोर्डवरचंच ग्राफिक्स, कधीच्या काळी टाकलेला ड्रायव्हर, आणि मागच्या रांगेत कुणीतरी १६-बिट रंगांवर चालणारा गेम लपवून उघडलेला. मॅडम आल्या की ऑल्ट-टॅब. रंग बदलले. एक्स रुसला. नॅमची खिडकी पांढरी. मॅडम विचारणार, “हे काय? चालत का नाहीये?” आणि पोरगं काय सांगणार?

तोडगा खरं तर एका ओळीचा होता. एक्सविन सुरू करताना ‘इंजिन एक’ असं सांगायचं, म्हणजे तो डायरेक्टड्रॉ सोडून जीडीआयच्या संथ रस्त्याने जायचा. पॅकेटं जरा अडखळत सरकायची, पण खिडकी टिकायची. ही ओळ मॅन्युअलमध्ये होती. पण मॅन्युअल इंग्रजीत, आणि घरी नेट असलंच तर मोजून-मापून वापरायचं. त्यामुळे ती फार थोड्यांपर्यंत पोचली.

बराकी, टॅली आणि पेन ड्राइव्ह

इथे बाहेरचा माणूस विचारतो, “एवढा त्रास, तर सरळ लिनक्स का नाही टाकलं?” याचं उत्तर आपल्या गावांत आहे.

माझा एक वर्गमित्र उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातला. घरात काँप्युटर एकच, तोही घरात नाही, वडिलांच्या फर्निचरच्या दुकानात. त्याच्यावर टॅली. गिऱ्हाइकांची उधारी, व्यापाऱ्यांची देणी, सगळा हिशेब त्या एका हार्ड डिस्कवर. लिनक्स टाकायचं म्हणजे पार्टिशन करायचं. आणि पार्टिशन करताना एक बटण चुकीचं दाबलं, तर वडिलांची वर्षभराची वही कोरी. त्याच्या वडिलांनी अट एकच घातली होती, “मशीनमध्ये काय करायचं ते कर बेटा, टॅलीला हात लावू नको.” सिगविन म्हणजे फक्त एक फोल्डर. आवडलं नाही, डिलीट करा. टॅली सुखरूप. म्हणून सिगविन. तो आळस नव्हता, ती जबाबदारी होती.

अंबरनाथच्या फॅक्टरी क्वार्टर्समध्ये, बदलापूरच्या वन रूम किचनमध्ये कारणं थोडी वेगळी, पण हिशेब तोच. काँप्युटर सगळ्या घराचा. त्यावर ताईचे फोटो, बाबांचं काम, शेजारच्या काकांचं रेल्वेचं तिकीट. त्यात लोडशेडिंग. इन्स्टॉल अर्ध्यावर असताना लाइट गेली तर? युपीएस पाच मिनिटांत मान टाकणार.

मी हे बोलताना मला नेहमी उल्हासनगरच्या बराकी आठवतात. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प उभारला होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास लाखभर निर्वासितांना तिथे ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याचं नगर झालं, उल्हास नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. पण घरं तीच, सैनिकांसाठी बांधलेली. सैनिकाला लागते एक खाट आणि एक ट्रंक. कुटुंबाला लागतं स्वयंपाकघर, देव्हारा, म्हाताऱ्या आईसाठी कोपरा. मग लोकांनी लांबलचक बराकीत मध्ये पडदे टाकले, पत्रे ठोकले, भिंती घातल्या, आणि संसार उभे केले. बाहेरून बघणारे नंतर ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असले जोक करायचे. पण दुसऱ्याच कामासाठी बांधलेल्या जागेत आपलं काम बसवणं किती अवघड असतं, ते आत राहणाऱ्यालाच कळतं. सिगविन हीच बराक आहे. ती नक्कल नाही. परक्या जागेत मांडलेला संसार आहे. पडदा कधीमधी पडणारच.

अजून एक भानगड खास आपल्याकडची. सिगविन इंटरनेटवरून उतरवायला फार वेळ लागायचा. मग सीनियरच्या मशीनवरचा अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवरून फिरायचा. एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे, वारसाहक्काने. आता समजा मशीनवर आधीच एक सिगविन आहे, किंवा दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने स्वतःसोबत ती डीएलएल आणलीय. दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांची डीएलएल एकदम चालू झाली, की सिगविन तक्रार करायचा: सामायिक मेमरीची आवृत्ती जुळत नाही. एका घरात दोन दुभाषी, आणि दोघांची बोली वेगळी. नेमकं काम त्यामुळेच अडायचं, आणि दोष जायचा ‘व्हायरस असेल’ या सार्वत्रिक खात्यात.

प्रॅक्टिकलचा दिवस

आता वर सांगितलेल्या दोन्ही गोष्टी एका ओळीत कशा भेटायच्या ते बघा. एनएस-टूच्या जवळपास प्रत्येक स्क्रिप्टच्या शेवटी एक ओळ असायची: ‘एक्झेक नॅम’, पुढे फाइलचं नाव. म्हणजे सिम्युलेशन संपलं, आता ॲनिमेटर उघड. ही ओळ नवा प्रोग्राम सुरू करते, म्हणजे इथे फोर्क लागतं. आणि तो प्रोग्राम खिडकी उघडतो, म्हणजे इथे एक्स लागतो. सगळ्यात कच्चे दोन दुवे, एकाच ओळीत, तेही अगदी शेवटी. परीक्षक मागे उभे असताना.

पाच नंबरच्या माझ्या मित्राचं तसंच झालं. खिडकी उघडली, दोन नोड दिसले, आणि सगळं गेलं. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, “आउटपुट नाही?” त्या एका प्रश्नावर किती जणांचे मार्क गेले असतील, कुणी मोजलं नाही.

हा मात्र गडबडला नाही. म्हणाला, “सर, आउटपुट आहे. फक्त चित्र नाही.” त्याने नोटपॅड उघडलं नाही, कारण जुन्या नोटपॅडला युनिक्सच्या फाइलमधली ओळ कुठे संपते तेच कळायचं नाही, सगळं सलग दिसायचं. नोटपॅड हे शिकलं २०१८ मध्ये! त्याने वर्डपॅडमध्ये ट्रेस फाइल उघडली. एकेका घटनेची एकेक ओळ. ओळीच्या सुरुवातीला प्लस असेल तर पॅकेट रांगेत आलं, मायनस असेल तर रांगेतून निघालं, ‘आर’ म्हणजे पोचलं, ‘डी’ म्हणजे पडलं. त्यापुढे वेळ, कुठून कुठे, कसलं पॅकेट, किती मोठं. सिगविनची काळी बॅश विंडो अजून जिवंत होती, कारण ती एक्सवर चालत नव्हती. तिथे त्याने ग्रेप मारून ‘डी’च्या ओळी मोजून दाखवल्या. मग कागदावर पेनने नोड काढले आणि पॅकेट कोणत्या दुव्यावर पडतायत ते दाखवलं.

परीक्षकांनी खुर्ची ओढली आणि बसले. तोवर ते उभेच होते. व्हायवा दहा मिनिटं जास्त चालली. पण त्याच दिवशी, त्याच लॅबमध्ये, आमच्या वर्गातल्या एका मुलीची खिडकी तशीच गेली, आणि तिने मान खाली घालून “सॉरी सर” म्हटलं. तिची ट्रेस फाइलही डिस्कवर जागच्या जागी होती. काम पूर्ण झालेलं होतं. तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे ती नेटवर्किंगच्या वाटेला गेली नाही. फक्त त्या दिवसामुळे, असं मी म्हणणार नाही. पण तो दिवस हिशेबात धरावाच लागेल.

म्हणूनच मला हा इतिहास सांगावासा वाटतो. थर कोसळतो तेव्हा दोष नेहमी सगळ्यात शेवटी बसलेल्या माणसावर येतो. कारण तोच एकटा समोर दिसत असतो.

मग वाटा निघत गेल्या

लिनक्स आपल्याकडे नव्हतंच असं नाही. नव्वदच्या दशकातच पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी येऊ लागली होती. त्यामागे अतुल चिटणीस होते, बेळगावात वाढलेले. पुढे उबुंटू घरपोच फुकट सीडी पाठवायचं. ‘शिपइट’ नावाची ती योजना २०११ पर्यंत चालली. आपल्या पत्त्यावर परदेशातून पाकीट आलंय, याचंच काय कौतुक! सीडीवरूनच लिनक्स चालवायचं, हार्ड डिस्कला हात नाही, टॅली सुरक्षित. २००८ मध्ये ‘वुबी’ आलं, विंडोजच्या आतच उबुंटू टाकायची सोय. पार्टिशनची भीती त्यानेही कमी केली.

आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने ‘स्पोकन ट्युटोरियल’ आणि ‘फॉसी’ हे प्रकल्प उभे राहिले. लिनक्स, सायलॅब वगैरेचे छोटे छोटे धडे, आणि त्यातले बरेच मराठीत. “आता एंटर दाबा” हे मराठीत ऐकणं आणि इंग्रजी मॅन्युअल चाळणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्या एका ओळीमुळे खिडकी टिकली असती, तसल्या ओळी पोचवायचा हाच मार्ग होता.

मायक्रोसॉफ्टनेही वाट बदलली. मार्च २०१६ मध्ये त्यांनी विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय जाहीर केली, डब्ल्यूएसएल. पहिली आवृत्ती दुभाषीच होती. लिनक्सची मागणी आली, की विंडोज कर्नलमध्येच तिचं भाषांतर. फोर्क सुधारलं, कारण आता काम कर्नलच्या आत होत होतं. पण खिडक्या? त्या देणारच नाही, हे कमांड लाइनपुरतं आहे, असं त्यांचं म्हणणं. लोकांनी मग पुन्हा वेगळा एक्स सर्व्हर टाकून काम भागवलं. २०२० मध्ये दुसरी आवृत्ती आली. तिने भाषांतर सोडून दिलं आणि आत चक्क खरा लिनक्स कर्नल बसवला, व्हर्च्युअल मशीनमध्ये. बराकीत पडदे लावण्यापेक्षा अंगणात वेगळी खोलीच बांधली. पण खोली वेगळी झाली तसा तिचा नेटवर्क पत्ताही वेगळा झाला. आता एक्सला निरोप पोचेना, मध्ये फायरवॉल उभी.

शेवटी २०२१ मध्ये ‘डब्ल्यूएसएलजी’ आलं. यात लिनक्सच्या बाजूला वेस्टन नावाचा प्रोग्राम खिडक्या काढतो आणि त्या रिमोट डेस्कटॉपच्या तंत्राने विंडोजला देतो. ओपनजीएलचं भाषांतर डायरेक्टएक्समध्ये होतं. आणि एखाद्या ड्रायव्हरशी पटलं नाही, की खिडकी आजही चकाकते, फाटते, काळी पडते. तेव्हा ग्राफिक्स कार्ड बाजूला ठेवून चित्र नुसत्या प्रोसेसरवर काढायला सांगायचं. हळू, पण खात्रीने. ओळखीचं वाटतंय ना? तेच ‘इंजिन एक’. नाव बदललं, युक्ती तीच.

तुमच्या खिशातली बराक

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे लॅपटॉपच नाही, आम्हाला काय त्याचं. तर थांबा. तुमच्यातल्या कितीजणांच्या फोनमध्ये टर्मक्स आहे? टर्मक्सवर डेबियन टाकून एक्सची खिडकी उघडायचा प्रयत्न किती जणांनी केलाय? आणि विनलेटर टाकून फोनवर पीसीचे गेम चालवणारे तर प्रत्येक डब्यात एक-दोन सापडतील.

तुम्ही तेच करताय, जे आम्ही केलं. कर्नल लिनक्सचा असला तरी अँड्रॉइडचा संसार वेगळा आहे, खिडक्या काढायची पद्धत वेगळी आहे. म्हणून पुन्हा दुभाषी. विनलेटरमध्ये तर दुभाष्यांची रांगच: पीसीच्या प्रोसेसरची भाषा फोनच्या प्रोसेसरला, विंडोजची भाषा लिनक्सला, डायरेक्टएक्सची भाषा व्हल्कनला. म्हणून एकाच गेमचं मित्राच्या ॲड्रिनो चिपवर मस्त चालतं आणि तुमच्या मालीवर टेक्स्चर काळी दिसतात. तुमचं सेटिंग चुकलं असेलच असं नाही. शेवटचा दुभाषी, म्हणजे ड्रायव्हर, वेगळा आहे.

आणि फोर्क? तोही परत आलाय. अँड्रॉइड १२ पासून ॲपने जन्माला घातलेल्या उपप्रोसेसवर मर्यादा आली. ३२ च्या वर गेल्या की सिस्टिम त्यांना मारू लागते. टर्मक्स मध्येच मरतं, ‘सिग्नल ९’ लिहून. आमच्याकडे धाकट्या भावाचं घर बांधताच यायचं नाही, तुमच्याकडे बांधून झाल्यावर पाडतात, एवढाच फरक. अँड्रॉइड १४ मध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये हे बंद करायची सोय दिलीय. आणि २०२५ पासून पिक्सेल फोनवर गूगल स्वतःच व्हर्च्युअल मशीनमध्ये डेबियन देऊ लागलंय. म्हणजे प्रवास तोच: आधी पडदे, मग अंगणात वेगळी खोली.

हे सगळं बघून मला वाटतं, आज्ञांचं भाषांतर माणसाला हळूहळू जमतं. फाइल, मेमरी, नेटवर्क, सगळं जुळवता येतं. शेवटी अडतं ते चित्राशी. कारण स्क्रीन एकच असते, आणि तिचा मालकही एकच. बाकी सगळ्यांना त्याच्या परवानगीने, त्याच्या ड्रायव्हरच्या मूडप्रमाणे राहावं लागतं. १९८४ चा एक्स असो, एक्सपीवरचा सिगविन असो की तुमचा फोन.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. खिडकी गेली तर आधी बघा, काम गेलंय की फक्त चित्र? फाइल डिस्कवर शोधा. दुसरं, वेगवान रस्ता बंद करून संथ रस्त्याने चालवून बघा. टिकलं, तर दोष तुमच्या प्रोग्राममध्ये नाही, मधल्या थरात आहे. आणि तिसरं, तुमच्यातला कुणी उद्या लॅबमध्ये शिकवायला उभा राहिला, आणि समोरच्या मुलीची खिडकी पांढरी पडली, तर “आउटपुट नाही?” असं विचारण्याआधी एक खुर्ची ओढा. विचारा, “ट्रेस फाइल दाखवतेस का?”

एवढंच आजच्या भागात. तुमच्या घरी, तुमच्या दादा-ताईकडे जुनी प्रॅक्टिकलची जर्नलं पडली असतील तर रद्दीत घालू नका. त्यात चिकटवलेली ती नॅमची धुरकट प्रिंटआउट, बघा, तीही इतिहासच आहे. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि दारात लटकू नका!